तेरा की चौदा

मंचरच्या बाजारपेठेत, खतांच्या दुकानावरच्या एका खोलीत आमचं ऑफिस आहे. आम्ही दोघंच भागीदार, मी आणि कॉलेजातला एक वर्गमित्र. लहान दवाखान्यांना लागणारे प्रोग्रॅम आम्ही करून देतो. पेशंटची नोंद, औषधांची यादी, घरी सोडताना द्यायचा कागद. स्क्रीनवर दिसणारे फॉर्म तो करतो. फॉर्ममध्ये भरलेली माहिती सर्व्हरवर नीट साठवायची आणि लागेल तेव्हा छापून द्यायची, हे काम माझं. राहते अवसरी बुद्रुकला. रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करते.

जुन्नर तालुक्यातल्या एका खाजगी दवाखान्याला आम्ही असाच प्रोग्रॅम दिला होता. त्याचं नाव सांगत नाही. जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून झाली.

सगळं देऊन झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी फोन करून एक रकाना वाढवायला सांगितला. मृत्यूची तारीख. वेळ नको म्हणाले, नुसती तारीख पुरे. अवघड पेशंट ते पुण्याला पाठवत, त्यामुळं तो रकाना क्वचितच लागणार होता. तासाभराचं काम होतं. एरवी मी प्रत्येक गोष्ट खोटे पेशंट भरून तपासते, आणि त्या खोट्या पेशंटांना घरच्यांचीच नावं द्यायची माझी सवय. आई, भाऊ, वहिनी. त्या दिवशी आईच्या नावापुढं ती तारीख टाकायला माझा हात धजेना. फॉर्म उघडतो, माहिती पुढं जाते, एवढं पाहिलं आणि काम झालं म्हणून कळवून टाकलं.

त्याला दीड-दोन वर्षं होऊन गेली असतील. एका सकाळी त्या दवाखान्यात नवा प्रिंटर जोडायला गेले होते. काउंटरसमोरच्या बाकावर पंचविशीची एक बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद. तिचा नंबर आल्यावर तिनं तो कागद काउंटरवर ठेवला आणि हळूच विचारलं, "बाई, तेरा का चौदा, तेवढं बघा ना."

काउंटरवरच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा स्क्रीनवर पाहिलं आणि कंप्युटरमध्येही तेराच आहे म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली, कागदाची घडी केली आणि निघून गेली.

मी टेबलाखाली वायर लावत होते. ती गेल्यावर काउंटरच्या बाईंनी आपणहून सांगितलं. बाई निमगाव साव्याची. चौदा महिन्यांपूर्वी इथंच तिचं सिझर झालं, मुलगी झाली ती मेलेलीच. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी येते आणि हाच एक प्रश्न विचारते. तेव्हाचे डॉक्टर आता इथं नाहीत, नर्स लग्न होऊन गेली, मग विचारणार कुणाला.

मी तिची नोंद उघडायला सांगितली. जन्म, महिन्याची चौदा तारीख, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मृत्यू, तेरा तारीख. काउंटरच्या बाई म्हणाल्या, आदल्या दिवशी पोटातच गेलं आणि दुसऱ्या दिवशी काढलं, असा त्याचा अर्थ. मीही आधी तसंच समजले. वायर लावून उठले, हात पुसले, आणि मग मला तो न तपासलेला, वेळ नसलेला रकाना आठवला.

मी विचारलं, तारखा कधी चुकतात का? त्या सहज म्हणाल्या, हो, कधी कधी एखादा दिवस मागं पडतो. कुणी दाखवून दिलं की मी पेनानं नीट करून देते. कंप्युटरचं चालायचंच.

बाळंतपणाचं हातानं लिहिलेलं रजिस्टर मागच्या खोलीत कपाटावर होतं. कंप्युटर आल्यावरही नर्स ते लिहीत, पण भरून एकदा वर गेलं की कुणी खाली काढत नव्हतं. आम्ही दोघींनी ते उतरवलं. चौदा तारखेच्या ओळीत निळ्या शाईनं लिहिलं होतं : स्त्री, जिवंत, अकरा दहा. त्याच ओळीच्या शेवटी, दुसऱ्या अक्षरात : मृत्यू, सायंकाळी चार वीस.

चूक समजायला मला कोड उघडावाही लागला नाही. आपल्या घड्याळात आणि सर्व्हर ज्या जागतिक घड्याळावर चालतो त्यात साडेपाच तासांचं अंतर आहे. मी सगळ्या वेळा साडेपाच तास वजा करून साठवत होते आणि दाखवताना-छापताना वेळेत ते तास परत मिळवत होते, पण तारखेत मिळवायला विसरले होते. जन्माबरोबर वेळ लिहिलेली असायची. साठवताना सकाळी अकरा दहाचे पहाटे पाच चाळीस झाले तरी तारीख तीच राहायची. मृत्यूच्या रकान्यातून मात्र नुसती तारीख यायची. नुसती तारीख आली की कोड तिला दिवस सुरू होतानाची, मध्यरात्रीची वेळ चिकटवायचा आणि त्यातून साडेपाच तास काढायचा. चौदा तारखेची मध्यरात्र मागं सरकून तेरा तारखेच्या संध्याकाळी जाऊन बसायची. छापून यायचं तेरा. आईच्या नावानं एकदा तपासलं असतं, तर त्याच दुपारी दिसलं असतं.

भागीदाराला सांगितलं तर तो म्हणाला, कोड आजच्या आज दुरुस्त कर, पण तिच्या घरी जाऊ नकोस. कुणी तक्रार केली तर आपलं ऑफिस बंद पडेल. तो वाईट माणूस नाही, त्याला घर चालवायचं असतं. मी दवाखान्याच्या आताच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रजिस्टरातली ओळ वाचून दाखवायला सांगितली. मग म्हणाले, तुम्ही जाणार असाल तर सही-शिक्क्याचा नवा कागद घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. घर वस्तीवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. नवरा टोमॅटोची गाडी घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेला होता. पडवीत सासू लसूण निवडत बसली होती. ती बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मला ओळखून म्हणाली, "तुमी प्रिंटरवाल्या ताई ना?"

वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"तुमच्या कागदावरची तारीख चुकलीय," मी म्हणाले. "तो प्रोग्रॅम मी लिहिलाय, चूक माझी आहे. तुमची मुलगी चौदाला जन्मली आणि चौदालाच गेली. तेराला नाही."

ती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"म्हंजे तेराला ती चांगली व्हती?"

"हो."

"मी गाडीवर गेले तवा?"

मला काही कळलं नाही. मग ती खाली बसली आणि सांगायला लागली. जुन्नरच्या पेठेत एका म्हाताऱ्या मुसलमान शिंप्याकडं तिनं बाळासाठी सहा दुपटी शिवायला टाकली होती. तेरा तारखेला नवऱ्याच्या मागं मोटारसायकलवर बसून ती आणायला गेली. नको जाऊ म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, पण दुपट्यांचा रंग तिला स्वतः बघायचा होता. येताना रस्ता खणलेला होता. एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली, तेव्हा तिनं पोट दोन्ही हातांनी धरलं होतं. पुढं कागदावर तेरा वाचलं आणि तिनं मनाशी ठरवूनच टाकलं की त्या खड्ड्यातच आपली पोर गेली. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तेरा की चौदा एवढंच विचारायला ती कुणालातरी काहीतरी कारण सांगून दवाखान्यात जायची.

सासूनं लसणाचं सूप बाजूला ठेवलं. "ह्ये तू कधी बोलली न्हाईस मला."

"काय बोलायचं व्हतं, आत्या?" सासूला ती आत्या म्हणायची.

मी नवा कागद तिच्या हातात दिला. त्यावर रजिस्टरातल्या दोन्ही वेळा होत्या. तिनं तो सावकाश वाचला, ओठ हलवत. मग बोटांच्या पेरांवर मोजलं.

"पाच तास," ती म्हणाली. कागद मांडीवर ठेवून म्हणाली, "मी ऐकलं व्हतं ताई. मला टाके घालत व्हते तवा ती शिंकली. मी सगळ्यांना सांगितलं. सगळी म्हणली, भुलीच्या औषधानं भास झाला तुला. मेलेलं लेकरू शिंकतं का." आणि तिनं सासूकडं पाहिलं. "आत्या, तुमी तिथंच व्हता ना?"

म्हातारी खाली बघून बोलली.

"माझ्याच मांडीवर गेली ती. तुझं रक्त थांबत नव्हतं. बाटल्या लावल्या व्हत्या, तू पार बेशुद्ध. पोरीला श्वास पुरत नव्हता. पुण्याला न्यायला गाडी बोलावली, ती येईस्तवर संपलं. डॉक्टर म्हणलं, हिला आत्ता काय सांगू नका. मला वाटलं, बघितलंच न्हाई तर लवकर विसरल. म्हणून पोटातच गेली म्हणून सांगितलं, तुझ्या नवऱ्यालाबी गप्प केलं. आज सांगू, उद्या सांगू करत व्हते. आन दोन दिसांनी कागद आला, त्याच्यावर बी तेराच. म्हणलं, देवानंच झाकलं."

मी जमिनीकडं बघत बसले. म्हातारीनं ज्याला देव म्हटलं, ती मी घाईत लिहिलेली एक ओळ होती. तिनं एकदा खोटं सांगितलं होतं, तेही मायेनं. ते खोटं खरं ठरवून चौदा महिने कायम ठेवलं ते माझ्या कागदानं. तो कागद नसता तर म्हातारी महिन्याभरात कधीतरी बोलून मोकळी झाली असती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

सून रडली नाही. मला वाटलं होतं, मी तिच्यावरचं एक ओझं उतरवायला आलेय. तिचा चेहरा बघून कळलं की एक उतरवून मी दुसरं ठेवलं होतं.

"मला उठवलं का न्हाई कुणी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गालावर मारून उठवायचं. न्हाईतर तशीच माझ्याजवळ आणून ठेवायची. पाच तास व्हती ती."

सासू आत जाऊन चहा टाकून आली. तीन कप तसेच निवत राहिले. थोड्या वेळानं म्हातारीच म्हणाली, "उजेड हाय तवर निघा ताई. उसाच्या कडंनं बिबट्या फिरतोय." मी माफी मागितली. ती बाई कागदाकडंच बघत होती. माझं बोलणं तिच्या कानावर गेलं की नाही, मला माहीत नाही.

कोड मी आधीच दुरुस्त केला होता. आता नुसती तारीख आली तर तिला मी कुठलीही वेळ चिकटवत नाही. वर्ष, महिना, दिवस, जसं फॉर्ममधून येईल तसंच ठेवते आणि तसंच छापते. मग मी आणि काउंटरच्या बाईंनी जुन्या नोंदी रजिस्टरशी ताडून पाहिल्या. पहाटे साडेपाचच्या आत जन्मलेली मुलंही एकेक दिवस मागं गेली होती. त्यांच्या घरी फोन केले, तर आयांनी ते हसण्यावारी नेलं, जन्माच्या दाखल्यावर बरोबर आहे म्हणाल्या. ज्यांची माणसं गेली होती त्यांना फोन करणं जड गेलं. बहुतेकांनी तारीख पेनानं बदलून घेतली होती. एका माणसानं मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, नीट ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्या दवाखान्यानं वर्षाच्या शेवटी प्रोग्रॅम बदलला. भागीदार त्यावरून मला काही बोलला नाही, पण बरेच दिवस कामापुरतंच बोलायचा.

ती बाई तिसऱ्याच दिवशी माहेरी निघून गेली, हे मला काउंटरच्या बाईंकडून कळलं. माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावाच्या वरच्या अंगाला. नवरा दोनदा आणायला गेला आणि एकटाच परत आला. माझ्या मनात यायचं की जाऊन भेटावं. मग वाटायचं, कुठल्या तोंडानं जाऊ. गेले नाही.

पाचेक महिन्यांनी ती मला मंचरच्या एसटी स्टँडवर दिसली. बरोबर तिची आई होती आणि पायाशी कपड्यांची बॅग. मी वळून दुसऱ्या बाजूनं जाणार होते, पण तिनं हाक मारली. निमगावला परत चाललेय म्हणाली. सासूला बरं नाही, करायला कुणी नाही. मी विचारलं, आता बोलता का तुम्ही दोघी?

"फोन करतात त्या," ती म्हणाली. "मीच सांगितलं, तिच्याबद्दल सांगत जा. सांगतात. पण दर वेळी येगळं सांगतात ताई. कधी म्हणतात रंग माझ्यावर व्हता, कधी म्हणतात ह्यांच्यावर. कधी केस लई व्हते म्हणतात, कधी म्हणतात ध्यानात न्हाई. त्यांना बी आता नीट आठवत नसंल."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? जे सांगतील ते ऐकून घेते."

तिच्या आईनं बॅग उचलली. गाडी लागली होती आणि दाराशी गर्दी होत होती. ती चढली, तिला खिडकीशी जागा मिळाली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग पदर सारखा करून समोर बघत बसली. गाडी फाट्यावर वळेपर्यंत मी तिथं उभी होते. नंतर ऑफिसात गेले. त्या दिवशी माझ्याकडून काहीच काम झालं नाही.