आधी पानी, बात मग

फाटकाची कडी वाजली की आधी तांब्या बाहेर यायचा, मग ती. आणि तांब्यामागून आवाज, "आधी पानी. बात मग."

गास गावच्या रस्त्याला केळीच्या वाडीत तिचं घर. मी नालासोपाऱ्यात बिल्डिंगीत राहते. रविवारी स्कूटर काढून ताजी भाजी आणायला तिच्याकडे जायची. अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीची असेल. भाजी राहते बाजूला, आणि आपण तिच्या पायरीवर पाय पसरून बसलेलो असतो. मी तिला मावशी म्हणायची. सगळेच म्हणायचे.

पाणी तिच्या विहिरीचं. पेला हातात दिला की ती समोर उभीच. तळ दिसेपर्यंत हलायची नाही. कुणी अर्धा पेला ठेवला की खवळायची. "काय, माझ्या पान्यात किडे हायेत?" पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला माणूस असो की चर्चमधले फादर, सगळ्यांना एकच कायदा. एकदा शेजारचा माणूस कुंपणावरून भांडायला आला, तोंडात शिव्या तयार ठेवूनच. हिनं पेला पुढे केला. बिचारा गटागट प्यायला आणि मग भांडण कशावरून होतं तेच त्याला आठवेना!

आळीत लग्न निघालं की बायका वाजतगाजत तिच्याच विहिरीवर नवरीच्या न्हाण्याचं पाणी न्यायला यायच्या. त्या दिवशी मावशी ठेवणीतलं लाल लुगडं नेसून काठावर अशा थाटात उभी राहायची, की पाहणाऱ्याला वाटावं ही आपलीच लेक उजवतेय.

आमच्या घरी पाण्याचा निळा जार येतो हे कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"इकतचं पानी? कुठलं ते?"

"मिनरल, मावशी."

"आंधळं पानी ते. कुठनं आलं ते त्यालाच ठाऊक नाय."

आणि मी प्रयोगशाळेत पाणीच तपासते, हे ऐकून तर तिला हसू आवरेना. "एवढी शिकलीस ती पानी तपासायला? चाखून कळत नाय तुला?" मी फटकळ बाई, कुणाचं ऐकून घेत नाही, पण तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

मग तिला नात झाली. सुनेला अंगावरचं दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं. मुलगा म्हणाला, जार आणू, मिनरल पाण्यात कालवू. मावशी हटून बसली. बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला पाणी आटवूनच द्यायचं, ही तिच्या सासूची रीत. रोज सकाळी चुलीवर टोप चढवायची आणि पाणी निम्मं होईपर्यंत धूर डोळ्यांत घेत तिथंच बसायची. "निम्मं आटलं की वाईट ते सगळं मरतं," असं सुनेला सांगायची. हे सगळं मला मागाहून कळलं.

एका दुपारी सुनेचा फोन आला. "ताई, बाळ निळं पडलंय हो!"

मी पोचले तेव्हा बाळ हॉस्पिटलात काचेपलीकडे होतं. ओठ निळे, इवलीशी नखं निळी. असं मूल मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मावशी बाकावर जपमाळ घट्ट धरून बसली होती, पण ओठ हलत नव्हते. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बाळाला पाणी कुठलं देता?"

"माझ्या विहिरीचं," मावशी म्हणाली. त्याही घडीला जरा अभिमानानंच.

बाळ वाचलं, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी मी विहिरीचं पाणी तपासलं आणि हादरलेच. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. नायट्रेट, आणि नको तितकं. ना रंग, ना वास, ना चव. मोठ्या माणसाला सहसा कळतही नाही, तान्ह्याचं रक्त मात्र काळवंडतं. वाडीतलं वर्षानुवर्षांचं खत, आणि मागे उठलेल्या बिल्डिंगींच्या संडासाच्या टाक्या. सगळं मुरत मुरत विहिरीत आलेलं.

पायरीवर बसून मी तिला सांगितलं.

"पन मी उकळलं होतं, बाय. निम्मं आटवलं होतं."

"उकळून जंतू मरतात, मावशी. हे मरत नाही. पाणी उडून जातं, हे खाली राहतं."

ती चुलीकडे बघत राहिली.

"म्हंजे आमटी आटली की खारट होते, तसं?"

मी मान हलवली.

"म्हंजे मीच..." मला रडू फुटलं. तिला नाही.

मुलानं तोवर जार आणून ठेवला होता. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायचं. मी तोही तपासला. अहो, काय सांगू! जवळपास तेच पाणी! जारवाल्याची बोअर त्याच वाडीच्या पलीकडच्या अंगाला. नुसतं गाळायचं, गार करायचं, वर सील लावायचं. तोच जार आमच्या घरी! मी जारवाल्याला शिव्या घातल्या. मावशी मात्र एकदाच हसली, कोरडं.

"म्हंजे माझंच पानी मलाच इकलं?"

मग बाळासाठी पालिकेच्या नळाचं पाणी येऊ लागलं, मी तपासून दिलेलं. बाळ गुटगुटीत झालं. मावशी मात्र त्याला दूध पाजायला हात लावीना.

पुढच्या रविवारी मी कडी वाजवली. तांब्या आला नाही. ती आली, रिकाम्या हातांनी, आणि त्या हातांचं करायचं काय ते तिला कळेना; लुगड्याला पुशीत राहिली. तांब्या विहिरीच्या काठावर पालथा होता.

"बस, बाय. बात कर," ती म्हणाली. "पानी नाय."

आल्यागेल्याला तिनं नंतर कधी पाणी दिलं नाही. स्वतः मात्र त्याच विहिरीचं पीत राहिली. मी रागावले, ओरडले, हात जोडले. "मला आता काय व्हायचंय?" एवढंच म्हणायची.

तिला जाऊन आता बरेच दिवस झाले. म्हातारपणानं गेली म्हणतात. मला तसं वाटत नाही. तांब्या पालथा घातला त्या दिवसापासूनच ती जात होती. वाडी आहे, फाटक आहे, पोस्टमन अजून तिथं सायकल हळू करतो. मीही थांबते. उन्हानं घसा सुकलेला असतो, पिशवीत बाटली असते. पण तिच्या दारात ती बाटली तोंडाला लावायचा धीर होत नाही. पुढच्या वळणावर जाते आणि मग पिते.