सुनंदाताईंच्या हातचं पाणी

मालाडच्या खाडीकाठी पोचलं की सुनंदाताई आधी एक रिकामी नळी उघडायच्या. मिनिटभर हवेत धरायच्या, झाकण लावून तिच्यावर तारीख घालायच्या आणि मगच आम्हाला गाळाला हात लावू द्यायच्या. तिवरांत गुडघाभर चिखलात उभे राहून आम्ही पीएचडीची पोरं हसायचो. "हसा," त्या म्हणायच्या. "गाळ न घालताही नळीत कोण कोण निघतं, ते कळायला नको?"

आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेतल्या त्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. माहेर बुलढाण्याकडचं, घर दहिसरला, टेबलावर बुद्धाची बोटभर मूर्ती. काचेच्या थाळीत जंतू वाढवून मोजण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. थाळीत उगवतील तेवढेच मोजायचे. उरलेले, म्हणजे बहुतेक सगळेच, कुणाला ठाऊक नाहीत. मग मेटाजीनोमिक्स आलं. काही वाढवायचंच नाही. गाळातला सगळा डीएनए एकदम काढायचा, यंत्राने वाचायचा आणि त्यात कोण कोण आहे ते संगणकावर शोधायचं. जुनी मंडळी कुरकुरली. ताई म्हणाल्या, "जेवायला आले तेवढंच गाव समजत होतो रे आपण!" आणि पन्नाशी उलटल्यावर वही घेऊन शिकायला बसल्या.

माझ्या गाळाच्या प्रत्येक नमुन्यात एक जंतू निघाला. त्याच्या भाऊबंदांना तेल पचवता येतं, म्हणजे खाडीवरचा तवंग खाणाराच सापडला, असं मी धरून चाललो. माझे मार्गदर्शक सर खूश. प्रबंध त्याच्यावरच उभा केला, शोधनिबंधही तयार झाला. रिकाम्या नळ्या मात्र फ्रीझरमध्ये तशाच पडून होत्या.

"त्या वाचल्यास का?" ताईंनी विचारलं.

"नंतर बघू."

"मग निबंधही नंतर पाठव."

मी भडकलो. "ताई, हे थाळीचं काम नाही. तुम्हाला नाही कळायचं."

माझ्या त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते. पुढच्या खेपेला नमुने यंत्रावर गेले, तेव्हा सरांना विचारून ताईंनी रिकाम्या नळ्यांवरही गाळासारखीच सगळी प्रक्रिया केली आणि त्याही त्यात घातल्या.

निकाल आला. ज्या नळीत गाळाचा कणही नव्हता, तिच्यातही माझा जंतू होता. माझी तर वाटच लागली. दोन वर्षांचं काम, आणि तो खाडीतला नव्हताच.

"पाण्यातला आहे तो," ताई म्हणाल्या. "माझ्या पाण्यातला."

डीएनए काढताना लागणारं विकतचं शुद्ध पाणी माझं काम सुरू होतानाच संपलं होतं. तेव्हापासून ताई, तीस वर्षं करत आल्या तसं, वाफेच्या दाबाखाली पाणी निर्जंतुक करून देत होत्या, आणि तेच प्रत्येक नळीत पडत होतं. थाळीसाठी ते चोख होतं, मेलेला जंतू उगवत नाही. पण यंत्राला जिवंत-मेलेलं सारखंच. मेलेल्याचा डीएनएही ते वाचतं. एका व्याख्यानात मागच्या बाकावर बसून हे ऐकलं, तेव्हापासून ताईंना स्वतःच्याच हाताचा संशय होता.

"ताई, तुम्हाला संशय होता, तरी नळ्या घातल्यात?"

"संशय होता म्हणूनच घातल्या ना रे."

त्यांच्या निवृत्तीला नऊ दिवस राहिले होते. सर हळूच म्हणाले, "नोंदीत 'कारण अज्ञात' लिहू या." ताईंनी पेन घेतलं आणि आपल्या नेटक्या अक्षरात लिहिलं, 'पाणी दूषित. तयार केलं, सुनंदा.' मग माझ्याकडे वळल्या. "बसलास काय असा? फ्रीझरमध्ये अर्धा गाळ ठेवलाय मी. ऊठ."

नऊही दिवस आम्ही नव्या, विकतच्या पाण्याने त्या गाळातला डीएनए पुन्हा काढला. शेवटच्या दिवशी निरोपाचा केक कापायलासुद्धा त्या हातमोजे काढून धावत आल्या.

निकाल त्या गेल्यावर महिन्याने आला. माझा तेलखाऊ गायब होता. उरली होती ती एक लांबलचक यादी, आणि तिच्यातल्या निम्म्याहून अधिक जंतूंना जगात अजून कुणी नावच दिलेलं नव्हतं. मी दहिसरला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: खाडी अनोळखी जिवांनी भरली आहे, त्यांना ओळखायला माझं आयुष्य पुरायचं नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि माझ्या पाण्यातलं कुणी?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"एकही नाही, ताई."

"परत बघ," त्या म्हणाल्या. "मी थांबते फोनवर."