मिरजेची गाडी आणि आँटींचं हॅम

नाताळचा दुसरा दिवस होता. साठ-एकसष्ट साल असावं. बेंगलोरला फ्रेझर टाऊनमध्ये एका अँग्लो-इंडियन आँटींच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो... लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते.

हे सासूबाईंना आणायला मिरजेला गेले होते. त्या पहिल्यांदाच येणार. गाडी सकाळची, पण अकरा वाजून गेले तरी पत्ता नाही.

मी फाटकापर्यंत जायची, परत यायची... झाकलेला स्वयंपाक उघडून बघायची, पुन्हा झाकायची. सासूबाईंकडे घरात अंडंसुद्धा येत नसे. त्यांना माझं काय काय खटकेल, याचीच यादी डोक्यात चाललेली.

शेवटी आँटींनी हाक मारली. आम्ही दोघी कन्नडातच बोलायचो. "स्वल्प मदत कर मला. तुझ्या येरझाऱ्यांनी गाडी लवकर येणार नाही."

त्यांच्या टेबलावर नाताळचं उरलेलं हॅम होतं, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. जवळजवळ अख्खंच. मी दारातच थबकले. "त्याला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "तू बटाटे सोल."

बटाट्याच्या चकत्या, कांदा, हॅमचे तुकडे, परत चकत्या... आँटी पातेल्यात थर लावत होत्या. लोणी, मैदा आणि दुधाचा सॉस मी ढवळत होते, अर्धं लक्ष फाटकाकडे. गुठळ्या झाल्या. आँटींनी तो गाळून वरून ओतला, पातेलं शेगडीवर चढवलं आणि झाकणावर निखारे ठेवले.

"एवढं उरलं कसं?" मी सहज विचारलं.

"मुलगा येणार होता मद्रासहून. सून, नातवंडं... नाही आले." आणि त्या निखारे सारखे करत राहिल्या. उगाच विचारलं, असं झालं मला.

तेवढ्यात टांगा थांबला. मी खोलीत नाही म्हटल्यावर सासूबाई थेट आँटींच्या स्वयंपाकघराच्या दारात. माझ्या पदराला मैदा, घरभर वास... मी पदर झटकायला लागले.

"काय शिजतंय?" त्यांनी विचारलं. खोटं बोलायला सुचलंच नाही. हॅमचं सांगितलं, आणि मुलगा न आल्याचंही.

सासूबाईंनी आँटींकडे पाहिलं. मग यांना म्हणाल्या, "माझी पिशवी आण." हातपाय धुतले, प्रवासातल्या उरलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि आँटींच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या.

"त्यांना सांग," मला म्हणाल्या, "आपापलं खाऊ. पण एकट्या जेवू नका म्हणावं."

मी सांगितलं. आँटींनी कपाटातली ठेवणीतली प्लेट काढली, पुसली आणि सासूबाईंसमोर ठेवली. सासूबाईंनी तिच्यावर आधी वर्तमानपत्राचा कागद घातला, मग दशमी ठेवली. आँटींनी ते पाहिलं, आणि स्वतःला बटाटा वाढून घेतला.

पुढेही कितीतरी वर्षं मी सासूबाईंना भीत होते, खोटं कशाला सांगू... पण त्या माझ्या झाल्या, त्या त्याच दुपारी.