मानेपर्यंत विणलेला मोर

दुपारचे तीन वाजून गेलेत. दालनातला शिडीवाला माणूस जेवायला गेलाय आणि मी भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसले आहे. उद्या सकाळी माझ्या प्रदर्शनाचं उद्घाटन. गेल्या आठवड्यात सलग दोन तास झोपल्याचं आठवत नाही. आत्ता झोपायचं नाही, शिडीवाला येईल, असं मी स्वतःला बजावते, आणि तो बजावणारा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येतो.

समोरच्या भिंतीवर सुखदेवमामांचं शेवटचं काम आहे. वर पाच बारीक चुका ठोकून, पांढऱ्या भिंतीला अगदी चिकटवून, सपाट लावलंय.

मामा नात्यानं माझे कुणी नव्हेत. येवल्याचे विणकर. चित्रकलेचं शिक्षण संपल्यावर मी त्यांच्याकडे महिनाभरासाठी पैठणी विणायला शिकायला गेले आणि तीन वर्षं राहिले. मार्चमध्ये ते गेले. सकाळी अंघोळ झाली, मागावर बसायला म्हणून उठले आणि दारातच कोसळले. मागावर पदर अर्धा राहिला. मोराचे पाय झाले होते, पिसारा झाला होता, छाती झाली होती. मान नव्हती. पावसाळा संपेपर्यंत तो मोर तसाच होता. मग एक दिवस मामी मला म्हणाल्या, "रुजू, उतरव ते आता. मला बघवत नाही. तुला न्यायचं तर तू ने."

मी कापलं.

मामांचा एकच नियम होता. मागावरचं काम पुरं झाल्याशिवाय कापायचं नाही. चुकलं तर उसवा, दहादा उसवा, पण कात्री लावायची नाही. एकदा मी वैतागून कात्री उचलली, तर ते भरल्या ताटावरून उठून आले होते. आता ते नाहीत म्हणून मी त्यांचा ताणा कापला आणि वर ते प्रदर्शनात मांडलं. परवा एक ओळखीचा चित्रकार येऊन बघून गेला. म्हणाला, बिनमानेचा मोर हेच सगळ्यात भारी आहे. मला घरी जाऊन उलटी झाली.

पंखा खर्र खर्र करतोय. त्या खर्र खर्रीत हळूहळू एक ठेका येतो. खट, खट, मग थोडं थांबून खट. फरशी पायाखालून खाली जाते आणि माझे पाय मामांच्या मागाखालच्या खड्ड्यात लोंबकळायला लागतात. खड्ड्यातली माती गार आहे.

"इथं चहा मिळतो का गं?"

मामा दालनाच्या दारात उभे आहेत. पांढरा पायजमा, बंडी, चष्म्याच्या तुटक्या काडीला बांधलेला लाल दोरा. चपला त्यांनी बाहेर काढल्यात. मला आश्चर्य वाटत नाही. फक्त गृहपाठ न करता शाळेत गेल्यासारखं वाटतं.

"सांगते ना मामा," मी म्हणते. पण उठत नाही.

ते हात मागे बांधून माझी कामं बघत फिरतात. पहिल्या कामापाशी वाकतात. ते मी जुन्या कॅसेटमधल्या फितीचं विणलंय, काळंभोर, त्यावर नारळीची नक्षी.

"हे काय विणलंस?"

"कॅसेटची फीत आहे. माझ्या आजोबांच्या भजनांची."

"असं?" ते कान जवळ नेतात. खरंच ऐकतात. मग म्हणतात, "काठ ढिला पडलाय. फीत ताणली जाते, रेशमासारखी वागवू नकोस तिला."

"हो."

"नारळी बाकी चांगली आली."

तीन वर्षांत त्यांनी हे मला दोनदा म्हटलं होतं. एरवी मी आनंदानं उड्या मारल्या असत्या. पण आता ते वळतायत, आणि पुढचं काम त्यांचं आहे. मला त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचंय, दोन्ही हात पसरून. पाय खड्ड्यातून निघत नाहीत.

आम्ही त्यांच्या घरात आहोत. माग तोच, खिडकीतून येणारं ऊन तेच, आत मामींच्या कुकरची शिट्टी होते. मागावर मात्र काही नाही. ते भिंतीवर आहे, आणि मामा त्यापुढे उभे आहेत.

"कुणी कापलं?"

"मी."

"कशानं?"

"कात्रीनं."

"कुठल्या?"

"मामींच्या. शिवणाच्या डब्यातल्या."

"तिला धार नाही."

"नव्हती. दोनदा अडकली."

ते खालच्या बाजूनं बोट फिरवतात, कापलेल्या धाग्यांच्या टोकांवरून, या काठापासून त्या काठापर्यंत.

"तरी सरळ कापलंस," ते म्हणतात.

माझा बांध तिथंच फुटतो. मी म्हणते, मामा, मला माफ करा. म्हणते, अर्धं होतं हे मला माहीत होतं, तुमचा नियम माहीत होता, मी मान विणून पुरं करायला हवं होतं, पण तुमच्या कामाला हात लावायची हिंमत झाली नाही आणि कापायची मात्र झाली. बोलताना माझ्या लक्षात येतं की मी येवल्याच्या एस.टी. स्टँडवर, बाकावर बसून बोलते आहे. मामा शेजारी बसलेत. त्यांच्या हातात काचेचा ग्लास आहे. चहा मिळालेला दिसतो.

"रडू नको," ते म्हणतात. "ऐक. तो मोर दोन महिने तिथंच होता."

"म्हणजे?"

"मान करायला घ्यायचो. निळा कुठला, हिरवा कुठला, कळायचं नाही. डोळ्यांपुढं नुसता धूर. दिवसभरात दोन बोटं विणायचो. दुपारी उन्हात बघितलं की मान वाकडी. मग उसवायचो. दुसऱ्या दिवशी परत तेच."

"तुम्ही बोलला नाहीत."

"कुणाला बोलायचं?"

"मला. मामींना."

"तिला तर मुळीच नाही." ते चहाचा घोट घेतात. "माग वाजत राहिला की तिला बरं वाटायचं. स्वयंपाकघरातून ऐकायची. थांबला असता तर लगेच बाहेर आली असती, काय झालं म्हणून. मग मी वाजवत राहिलो. विणायचो तेही आणि उसवायचो तेही, तिला आवाज सारखाच."

मी त्यांच्याकडे बघते. आयुष्यात पहिल्यांदा मामा मला चोरी पकडलेल्या मुलासारखे दिसतात. आणि त्याच वेळी त्यांचे खांदे खाली येतात, ओझं उतरवून ठेवल्यावर येतात तसे.

"मला ते पुरं होणार नव्हतं, रुजू. मला माहीत होतं. कापायला माझा हात धजत नव्हता, एवढंच. नियम माझाच ना. दुसऱ्या कुणीतरी मोडायला हवा होता."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना!"

स्टँडवर गाडी लागते, लोक धावतात, धूळ उडते. धूळ बसते तेव्हा आम्ही पुन्हा दालनात असतो आणि मामा भिंतीकडे बोट दाखवतायत.

"त्याची पाठ भिंतीला कशाला लावलीस? तीन वर्षं काय शिकवलं मी तुला? छापाचं कापड आहे का हे, मागून पांढरं असायला? आपल्या कामाला पाठ नसते. इकडून मोर, तिकडूनही मोर. आणि तू त्याला कोपऱ्यात उभं केलंस, शिक्षा केल्यासारखं."

"एवढंच?" मी विचारते.

"एवढंच कसं! केवढी मोठी गोष्ट आहे!" ते खरोखर चिडलेत. इतकं छान वाटतं मला ते चिडणं. "चुका काढ आधी."

"कुठल्या चुका काढू मामा? किती आहेत."

"अगं, भिंतीतल्या! दुसऱ्या कुठल्या!"

आणि मग आम्ही दोघं हसतो. मामांना हसताना नेहमी ठसका लागायचा, तसाच लागतो. मी त्यांची पाठ चोळते. बंडीखाली हाडं लागतात, ऊब लागते. आता पाय हलतात. मी भिंतीपाशी जाते, टाचा उचलते, पदराला वर शिवलेल्या पट्टीतली पहिली चूक धरून हलवते. ती निघते. दुसरी जरा हट्टी आहे.

"डावीकडं वळव. हां. जोर नको लावू, ती येते आपोआप."

कापड भिंतीपासून सुटतं तसं मधे वारं शिरतं. मागच्या बाजूनं मोर दिसतो. तोच पिसारा, तीच छाती, फक्त रोख दुसरीकडे. मानेच्या जागी रेशमाला लव आलीय, विणून उसवून, विणून उसवून. मी तिच्यावरून बोट फिरवते. मांजराच्या कानामागं लागते तशी मऊ.

"मामा, हे असंच राहू दे ना?"

आतून मामी विचारतात, कोण आलंय गं? मी म्हणते, मामा आलेत. मामी म्हणतात, मग माग का वाजत नाही? आणि लगेच तो वाजायला लागतो. खट, खट. सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा. मी वळत नाही. वळून बघायची गरज वाटत नाही. त्या आवाजावर मी डोकं टेकते.

"मॅडम. अहो मॅडम."

शिडीवाला माझ्यावर वाकलाय. वर पंखा खर्र खर्र करतोय. मी झोपले होते त्या भिंतीपाशी नाही. समोरच्या भिंतीखाली आहे, मान अवघडलेली, गालावर फरशीचा गारवा. माझ्या डोक्यावर मामांचा मोर एका टोकाच्या चुकेवर लोंबकळतोय आणि वाऱ्यानं हळूच फिरतोय. आधी एक बाजू, मग दुसरी.

"हे पडलं की काय?" तो विचारतो. "शिडी आणू? परत ठोकून देतो."

"शिडी आणा," मी म्हणते. "पण ठोकायचं नाही. छतापासून दोरी सोडायची. मधोमध."

तो डोकं खाजवत जातो. मी उठून बसते. बरं वाटतंय, पोटभर झोपल्यासारखं, आणि भूकही लागलीय. उजव्या तळहातात काहीतरी टोचतंय. केव्हापासून मूठ आवळून धरली होती कोण जाणे, बोटं सरळ होत नाहीत. एकेक करून उघडते.

आत चार चुका आहेत. घामानं ओल्या, अजून गरम.