मल्हारने चार नावं लपवली

५ जानेवारी २०२५, रुपये ६८,४३० फक्त. होम थिएटरचा प्रोसेसर, तीन स्पीकर आणि बसवण्याची मजुरी. बिल मिरजेच्या मल्हारच्या दुकानाचं. साखर कारखान्याच्या हिशेब विभागात माझी पस्तीस वर्षं झाली, निवृत्तीला चौदा महिने उरलेत, आणि एवढी चैन मी आयुष्यात प्रथमच केली.

चैन माझ्यासाठी नव्हती. माझी आई मनुबाई चौऱ्याऐंशी वर्षांची. ऐकू फार कमी येतं. कानाचं यंत्र ती दोन दिवसांत काढून डब्यात ठेवते आणि समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखते. आमचा मुलगा विश्वजीत, घरात विशू, सैन्यात, सीमेवर. रेंज मिळाली तर रविवारी अकराच्या सुमारास व्हिडिओ कॉल करतो, दहाएक मिनिटं. फोनच्या पडद्यावर आईला नातवाचे ओठ दिसत नसत, आवाज तर पोचतच नसे. आठ महिने ती नुसती मान हलवत होती.

मल्हारने सांगलीला घरी येऊन प्रोसेसर बसवला, फोन वायरने जोडला, चित्र मोठ्या टीव्हीवर आलं. जाताना म्हणाला, नावं आणि सेटिंग करायला शनिवारी येतो. प्रोसेसरच्या मागे सहा इनपुट होते, म्हणजे वायर लावायची भोकं; प्रत्येकाला हवं ते नाव देता येतं. मी म्हटलं, एवढं मला जमेल. मी खातेवहीप्रमाणे १०१ ते १०६ अशी नावं दिली आणि तक्ता करून भिंतीला लावला. टीव्हीचा डबा १०१, फोन १०२, बाकी चार 'शिल्लक'. रिकाम्या भोकांचीही खाती उघडून मी समाधानाने झोपलो आणि मल्हारला येऊ नको म्हणून कळवलं.

बारा तारखेला, रविवारी, कॉल आला. मी १०२ लावलं. पडदा काळा. माझी पत्नी क्रांती हिने धूळ पुसताना वायर काढून शेजारच्या भोकात लावली होती. तक्त्यात ते शिल्लक, म्हणून मी ते सर्वांत शेवटी तपासलं. चार मिनिटं गेली. मग विशू दिसला, पण आवाज बारीक. तो वाढवला, तर आईच्या कपाळावर आठी.

"त्येचा आवाज आदी येतोय आनि त्वांड मागनं हलतंय," ती म्हणाली. "ह्यो दुसराच कोन बोलतोय."

विशूने सांगितलं ते मीच तिला ओरडून सांगितलं. पुढच्या रविवारी एक कॉल होईल, मग तो वरच्या चौकीवर जाणार, दोन महिने फोन नाही. म्हणजे हातात एकच रविवार होता. मी मल्हारला फोन केला.

मल्हार जत तालुक्यातला, धनगराच्या घरचा. नववीपर्यंत शाळा आणि मेंढरं दोन्ही केली, मग आयटीआय, मग यात्रा-जत्रांतले कर्णे, आणि आता मिरजेत स्वतःचं दुकान. चौतीस वर्षांचा गडी, कधी घाईत नसतो. शनिवारी दुपारी आला, पडद्यावरची माझी खाती वाचली आणि खाली बसला.

"आवं साहेब, आमची दोनशे मेंढरं हायती. एकालाबी नंबर न्हाई."

संध्याकाळी मेंढरं जाळीच्या आत घेताना त्याचे वडील कोंडीबा मोजत नाहीत, असं त्याने सांगितलं. नुसती तोंडं बघतात आणि म्हणतात, फाटक्या कानाची आली नाही. भाकड असतात त्या आधीच वेगळ्या काढलेल्या.

"ही चार भाकड," म्हणत त्याने रिकामे इनपुट यादीतून लपवले. उरले दोन. एकाचं नाव 'टीव्ही', दुसऱ्याचं 'विशू'. विशूच्या इनपुटचा आवाज तेवढाच वाढवला आणि सगळं बोलणं मधल्या स्पीकरवर आणलं. आईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. मल्हारने गाडीच्या डिकीतून मेंढरांवर खूण करायच्या लाल रंगाची डबी आणली आणि रिमोटवर 'विशू' लावणाऱ्या बटणावर ठिपका दिला.

राहिले ओठ. मल्हार म्हणाला, टीव्हीला चित्र दाखवायला जरा वेळ लागतो, आवाज तेवढाच थांबवायचा. पण किती, ते आपल्याला कळणार नाही, आजींना कळेल. त्याने वायरने जोडलेल्या आमच्याच फोनवरून गावी कोंडीबांना व्हिडिओ कॉल लावला आणि बोलत राहायला सांगितलं. म्हाताऱ्याने मेंढरांना हाळी द्यायला सुरुवात केली. मल्हार आवाजाचा उशीर दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत गेला. चाळीस. ऐंशी. आई मान हलवत होती, नाही म्हणून. एकशे वीस. एकशे चाळीसला तिने हात वर केला.

आणि पडद्यावरच्या कोंडीबांना निरखत आमच्या मूळ गावाचं विचारलं, "तुमी आष्ट्याकडं येत हुता काय कवा?"

"येत हुतो की. दरसाल," कोंडीबा म्हणाले. "चिंचेच्या मळ्यात मेंढरं बसवायचो, खताला."

"त्यो मळा आमचाच."

कोंडीबा म्हणाले, "मग दोन पायली जुंधळं राहिल्यात तुमच्याकडं. तीन रात्री बसवल्यावरचं."

"आबा, गप बस की," मल्हार पुटपुटला. आई मात्र खुर्चीत पुढे सरकली होती. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं.

"व्हय, राहिल्यात," ती म्हणाली. "त्या साली पिकलंच न्हवतं."

क्रांतीने माझा दंड धरला. परीक्षा झाली होती.

रविवारी दहा बावन्नला फोन वाजला. आईने स्वतः लाल ठिपका दाबला. विशू भिंतभर दिसला. आता दोन महिने फोन नाही, आजी, असं तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता तिने उत्तर दिलं.

"मग आता गप बसू नगंस. बोल."

तो तेरा मिनिटं बोलला. बर्फाचं, जेवणाचं, सोबत्यांचं. ती मधे मधे हसली, दोनदा रागावली. मी एक शब्दही सांगितला नाही. नंतर उठून भिंतीवरचा तक्ता काढला.

मल्हारची शनिवारची मजुरी चारशे रुपये त्याच दिवशी दिली, पावती फाईलला आहे. कोंडीबांची दोन पायली ज्वारी अजून द्यायची आहे.