अदलाबदलीची घरं

सकाळी आमच्या घरात सगळ्यांना मीच हवी असते. त्या दिवशी प्राचीला डबा हवा होता, शेखरना दुसरा मोजा सापडत नव्हता आणि दूध वर येत होतं. तेवढ्यात दार वाजलं. आमच्या देऊळघाटात ओळखीचं माणूस दार वाजवत नाही, ओसरीतूनच हाक मारतं. कोणी परकं असेल म्हणून उघडलं, तर शेजारच्या सोजरामावशी. पायात चपलाही नव्हत्या.

"पोरी, माह्या दाराले कायचा तरी कागद डकवला. दोन साहेब उभे हायेत, घर खाली करा म्हणतात. चाल बरं जराशी."

मी गॅस बंद केला आणि निघाले.

मावशींनी साठी कधीच ओलांडली. नदीकडच्या तुकड्यात मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढतात आणि बुलढाण्याच्या बाजारात नेऊन विकतात. फुकटचा सांबार मागणाऱ्याला आधी दोन शब्द ऐकवतात, मग मूठभर जास्तच देतात. नवरा मोतीराम वारले, थोरले दीर पुंजाजीही. मुलगी छाया लग्न होऊन अमडापूरला. रस्त्याकडच्या घरात मावशी एकट्या राहतात. मागे, एकाच अंगणापलीकडे, त्यांची थोरली जाऊ गोजरबाई, तिचा मुलगा गजेंद्र, त्याची बायको समता आणि लहानगी छकुली.

मावशींच्या दारात फायनान्स कंपनीचा हर्षल नावाचा तरुण साहेब होता. त्याच्याबरोबरचा साहेब घराचे फोटो काढत होता.

"गजेंद्र पुंजाजी यांनी घर तारण ठेवून मालवाहू गाडी घेतली होती," हर्षल म्हणाला. "हप्ते थांबले. आता कंपनी घराचा ताबा घेणार."

"मंग गजेंद्रच्या घरी जा ना, बाप्पा. ते मांगचं. इथं मी राह्यतो."

"मावशी, कागदावर पुंजाजींचं घर रस्त्याकडचं आहे. म्हणजे हेच."

मावशी पायरीवर बसल्या.

साहेब म्हणत होता ते खोटं नव्हतं. हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कागदाला ठाऊक नव्हतं. भावांच्या वाटणीत थोरल्या पुंजाजींना रस्त्याकडचं घर आलं, मोतीरामांना मागचं. रस्त्याकडच्या घरात गोजरबाईंची दोन बाळं पाठोपाठ गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा त्या घरात त्यांचा डोळा लागेना. सोजरामावशी तेव्हा नव्या नवरीच होत्या. एके सकाळी त्यांनी आपल्या चुलीतला विस्तव लोखंडी पाटीत घेतला आणि अंगण ओलांडलं. "बाई, तुम्ही माह्या घरात जा. मी इथं येतो." दोघी जावांनी एकमेकींच्या चुली पेटवल्या, भावांनी दोन्ही उंबऱ्यांवर नारळ फोडले. झाली अदलाबदल. भावाभावात कागद कशाला, असं मोतीराम म्हणाले होते म्हणे. ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टीची पावती नाव वाचून द्यायचा, आणि जो तो आपल्या नावाची भरायचा. इतकी वर्षं दोघे भाऊ एकमेकांच्या घराची पट्टी भरत राहिले.

गजेंद्र मागच्या घरात जन्मला आणि जगला. कर्ज काढताना त्यानं बापाच्या नावाचा उतारा दिला आणि बघायला आलेल्या माणसाला आपलं राहतं घर दाखवलं. फोटो एका घराचा, नंबर दुसऱ्याचा. कोणी ताडून पाहिलंच नाही.

गजेंद्र धावतच आला. "साहेब, माहं घर मांगचं हाये. तेच घ्या. काकूचं काऊन घेता?"

हर्षल थोडा विचारात पडला. "दोन्ही घरच्यांनी अदलाबदल झाली असं लिहून दिलं, तर वरिष्ठांशी बोलून मागचं घेता येईल."

"आता लिहाले बसला!" समोरच्या गीताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "काकूच्या दाराले कुलूप लागाची वेळ आली तवा आठवलं का बे?"

"तू चूप राय वं, गीता. पोराच्या मांगं नको लागू." मावशी उठल्या. "साहेब, एक सांगा. हे घर तुम्ही नेलं, तं मांगचं कोणाचं?"

"कागदानुसार मोतीरामजींचं. म्हणजे तुमचं आणि तुमच्या मुलीचं."

"ते मंग कोणी नेत नाही?"

"त्याच्यावर काही बोजा नाही."

"मंग लिहाचं काही नाही. हेच न्या."

"काकू!" गजेंद्र पुढे झाला. "मी लिहून देतो ना. आम्ही सारे तुह्याकडे येऊन राहू."

"अन् तुह्या मायले या घरात निजवू? दोन लेकरं गेली तिची इथं. त्या वक्ती नाही निजली, आता म्हातारपणी निजल?" त्यांनी दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. "मले का आवडत नाही हे घर? छाया इथं झाली, इथून सासरी गेली. पण मी कुठंही निजतो. मले दिवसभर वाफे खुरपाचे असतात, पडल्या पडल्या झोप लागते."

घर खाली करायची मुदत सांगून साहेब गेले. मावशींनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि अंगण ओलांडलं. मीही मागून गेले.

गोजरबाई बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. गुडघे गेलेले, कानही कमी झालेले. बाहेरचं त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

"बाई," मावशी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "मी तुमच्याकडे राहाले येऊन राह्यली."

"काऊन वं? घर गळते का?"

"एकटीले करमत नाही आता."

"मंग ये ना. माह्या घरात तुले कोण नाही म्हणते? पण तू घोरतं अजून?"

"तुम्हाले कुठं ऐकू येते!"

गोजरबाई लसणाची पाकळी हातात धरून हसत सुटल्या. गजेंद्र दारात उभा होता. "माय, हे घर तं काकूच्याच..." असं तो म्हणू लागला. मावशींनी मागे न बघता हातानंच त्याला गप्प केलं. मग त्या जावेच्या शेजारी टेकल्या, तिच्या ओंजळीतला अर्धा लसूण आपल्या पदरात घेतला आणि म्हणाल्या,

"बाई, मले फक्त खिडकीपाशी बाज टाकू द्या."