‘वचन दे’ असं घरात कोण म्हणतं?

सातवा टेक झाला तरी वाक्य बसेना. काचेपलीकडे सुजाता माईकसमोर उभी. स्क्रीनवर गोरी हिरॉईन डोळ्यांत पाणी आणून थांबलेली. माझ्या शेजारी क्लायंटचा निखिल घड्याळ बघत बसलेला.

मी डबिंग डायरेक्टर. परदेशी सिनेमा मराठीत बोलता करायचा, हे माझं काम. मरोळच्या स्टुडिओत बावीस वर्षं तेच करतेय. हा सिनेमा नाताळच्या सुट्टीतल्या प्रेमाचा होता. लष्करी तळाशेजारी बेकरी चालवणारी मुलगी, भरपूर बर्फ आणि रजेवर आलेला कॅप्टन. दहाव्या मिनिटाला शेवट कळतो. असल्या सिनेमात आमच्या धंद्यात फारसं कुणी जीव ओतत नाही. मी ओतते. बघणाऱ्या बाईने कामं उरकून दीड तास काढलेला असतो.

अडलं होतं निरोपाच्या सीनला. कॅप्टनची रजा संपते आणि ती म्हणते, ‘प्रॉमिस यू’ल कम बॅक.’ क्लायंटकडून मंजूर होऊन आलेलं मराठी वाक्य होतं, ‘वचन दे, परत येशील.’

आता यात अडचण काय? प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ‘प्रॉमिस’ला तिचे ओठ मिटतात, आणि क्लोजअपमध्ये ते स्क्रीनभर दिसतात. ‘वचन’ला ओठ उघडेच. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे, हे लगेच उघडं पडतं.

“मॅडम, ‘प्रॉमिस कर’ म्हणूया ना,” निखिल म्हणाला. “ओठ बसतील.”

“बसतील रे. पण तो पोस्टिंगवर चाललाय. ही फ्रेंडशिप बँड बांधतेय असं वाटेल.”

सुजाताने हेडफोन काढला. “ताई, एक बोलू?”

सुजाता मुलुंडची. नवरा सैन्यात हवालदार, तेव्हा सीमेवर होता. मला ते माहीत होतं, पण कामाच्या जागी तिने कधी विषय काढला नव्हता.

“परत येशील ना, हे आम्ही तोंडातून काढतच नाही,” ती म्हणाली. “काढलं की रडू फुटतं, मग त्यांनाही निघवत नाही.”

“मग काय म्हणतेस?”

“पोचलात की फोन करा. बस.”

हिरॉईन कॅप्टनला ‘तू’ म्हणते. मी कागदावर लिहिलं: पोचलास की फोन कर. ‘पो’ला ओठ मिटतात, ‘फो’ला पुन्हा मिटतात. लांबीही तेवढीच.

“अहो, ओरिजिनलमध्ये फोन कुठेच नाही!” निखिल उडालाच. “वरून विचारलं तर?”

“माझं नाव सांग. रिजेक्ट झालं तर रविवारी येऊन पुन्हा करून देईन.”

म्हटलं खरं, पण धोका मोठा होता. पुढचे चार सिनेमे आम्हाला द्यायचे की नाही, हे याच्याच हातात होतं.

सुजाताने एका टेकमध्ये दिलं. रडली नाही. आवाज कोरडा ठेवला, बॅगेची चेन लावून देता देता बोलावं तसा. ‘फोन कर’ म्हणून झाल्यावर तिने जरासा श्वास धरून ठेवला. तो मी कापू दिला नाही.

निखिल म्हणाला, “परत लावा.” ऐकलं. “पाठवतो. बघू.”

चार दिवसांनी त्याचा फोन आला. “मॅडम, वाट लागली!”

“काय झालं रे?”

“हिंदीवाल्यांनी ऐकलं आपलं. त्यांनाही तेच पाहिजे. झालेलं रेकॉर्डिंग पुन्हा करतायत!”

आमच्याकडे आधी हिंदी होतं आणि मराठी त्याच्या मागून जातं. बावीस वर्षांत पहिल्यांदा हिंदी आमच्या मागून आलं. त्यांचं वाक्य झालं, ‘पहुँचते ही फ़ोन करना.’ ओठ तिथेही बसले.

सुजाताला कळवलं तेव्हा ती नुसती हसली. म्हणाली, “ह्यांना सांगायला पाहिजे.” सिनेमाच्या शेवटी आम्हा दोघींची नावं नाहीत. तरी त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेतले आणि बिल्डिंगमध्ये वाटले. कशाचे, ते प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं समजावून सांगितलं.

तेव्हापासून संवाद अडला की शब्दकोश नंतर उघडते. आधी बूथमधल्या बाईला विचारते, तू घरी काय म्हणतेस?